दुसऱ्या गिअरचा कर्र आवाज आणि नव्वद नंबरचे तेल

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये गिअर ऑइलला नाव नसते, नंबर असतो. ‘नव्वद नंबर टाकू का एकशेचाळीस?’ एवढेच विचारले जाते, आणि जीप, टेम्पो, ट्रॅक्टर यांचे बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत मात्र नंबर ही अर्धीच माहिती असते. उरलेली अर्धी न विचारल्यामुळे काय होते, ते गेल्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका जुन्या वर्गमित्राच्या गाडीत बसून मला ऐकायला मिळाले. त्याने हौसेने १९९४ सालची युनोस रोडस्टर घेतली आहे. माझ्दाची एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी १९८९ साली आली, तेव्हा जपानमध्ये ती युनोस या नावाने विकली जात होती, आणि तिथे वापरून झालेल्या अशा पुष्कळ गाड्या पुढे ब्रिटनमध्ये पोहोचल्या. सकाळच्या गारठ्यात गाडी काढली की पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना जात्यात खडा आल्यासारखा कर्र आवाज यायचा. कागदपत्रे चाळताना एक पावती निघाली. आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजमधून गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी पेटी) या दोन्हींत एकच जाड, महागडे तेल भरून घेतले होते. मित्राने मला विचारले, ‘मग यातले सगळ्यात चांगले तेल कोणते?’

या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तेलाकडून जवळजवळ परस्परविरुद्ध गोष्टी मागतात. डिफरन्शियलला असे तेल हवे असते, की जे प्रचंड दाबाखाली घासणाऱ्या दातांना एकमेकांना चिकटू देणार नाही. गिअरबॉक्सला असे तेल हवे असते, की जे दातांना वंगण देईल, पण एका ठिकाणी मुद्दाम घर्षण होऊ देईल. हा फरक नीट समजला की डब्यावरची अक्षरे आणि आकडे आपोआप वाचता येऊ लागतात.

आधी डिफरन्शियल घेऊ, कारण तिथली गोष्ट अधिक रंजक आहे. ज्या गाडीचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असते, तिच्यात प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचे, फिरणे काटकोनात वळवून चाकांच्या आसाकडे न्यावे लागते. हे काम क्राउन हे मोठे आणि पिनियन हे लहान दातेरी चाक करतात. पिनियनचा आस क्राउनच्या बरोबर मध्यातून जात असेल, तर त्यांचे दात एकमेकांवर बहुतांशी लोळत जातात. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने पिनियन मध्याच्या खाली बसवायला सुरुवात केली, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली गेला आणि गाडीचा सांगाडाही बुटका करता आला. या रचनेला हायपॉइड म्हणतात. आवाज कमी, दातांची पकड लांब, ताकद जास्त, असे तिचे फायदे आहेत. तोटा एकच, पण तो मोठा आहे: या रचनेत दात एकमेकांवर लोळतात तसे लांबीच्या दिशेने घासतातही. पोळपाटावर लाटणे फिरते आणि पाट्यावर वरवंटा घासतो, यात जो फरक आहे तोच इथे आहे. लाटणे कणकेला दाबते, पण जागच्या जागी ठेवते. वरवंटा मात्र पुढ्यात येईल ते पुसून पुढे ढकलतो. हायपॉइड दात तेलाचा थर असाच पुसून टाकतात.

थर पुसला गेला की पोलादावर पोलाद येते. दातांच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडतात, तिथे क्षणभर प्रखर उष्णता निर्माण होते, आणि ते उंचवटे एकमेकांना वितळून चिकटतात व लगेच तुटतात. असे वारंवार झाले की क्राउनच्या दातांवर ओरखडे पडतात आणि गाडी वेगात असताना मागून रडल्यासारखा सूर येऊ लागतो. हे टाळण्यासाठी तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळतात. ही संयुगे थंड असताना गप्प बसतात, पण उंचवट्यांच्या टोकांवर उष्णता वाढली की तिथल्या लोखंडाशी त्यांची रासायनिक क्रिया होते आणि एक पातळ, ठिसूळ थर तयार होतो. दात घासले जातात तेव्हा पोलादाऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. गिअर ऑइलचा डबा उघडताच नाकात जाणारा तो उग्र दर्प या गंधकाचाच असतो. एकदा कपड्यांना लागला की दोन धुण्यांतही जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

तेलात हे द्रव्य किती प्रमाणात आहे, ते डब्यावरच्या ‘जीएल’ या अक्षरांपुढचा आकडा सांगतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या या वर्गवारीतले दोनच वर्ग आपल्या कामाचे आहेत. जीएल-५ हे हायपॉइड डिफरन्शियलसाठी, आणि जीएल-४ हे साधारण त्याच्या निम्मे द्रव्य असलेले, मुख्यतः गिअरबॉक्ससाठी. इथेच पुष्कळांची फसगत होते. पाच हा चारापेक्षा मोठा आकडा, म्हणून जीएल-५ हे जीएल-४ची सुधारलेली आवृत्ती, असा समज होतो, आणि दुकानदारही बहुधा तो दूर करत नाही. प्रत्यक्षात ही पायरी नसून कामाची वाटणी आहे.

आता गिअरबॉक्सकडे येऊ. हाताने बदलण्याच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरचे दात कायमच एकमेकांत गुंतलेले असतात. त्यांचे आस समांतर असतात, त्यामुळे दातांचे घासणे मर्यादित असते आणि गंधकाचा भरपूर डोस तिथे लागतच नाही. अडचण असते ती सिंक्रोनायझरची, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचे वेग जुळवणाऱ्या यंत्रणेची. एमएक्स-५च्या पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.१३६ आणि दुसऱ्याचे १.८८८ आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना दुसरा टाकायचा असेल, तर गिअरबॉक्सचा आत येणारा शाफ्ट आणि त्यावरची क्लच प्लेट यांचा वेग सुमारे ३,६०० फेऱ्यांवर उतरला पाहिजे. म्हणजे डोळ्याचे पाते लवेपर्यंत मिनिटाला २,४०० फेऱ्यांचा वेग कुणीतरी मारायचा असतो. हे काम एक पितळी कडे करते. या कड्याच्या आतल्या उतरत्या बाजूवर बारीक आटे पाडलेले असतात. आपण गिअरचा दांडा ढकलतो तेव्हा हे कडे पोलादी शंकूवर दाबले जाते, आटे तेलाचा थर कापून बाजूला सारतात, आणि पितळ पोलादाला ब्रेकसारखे धरते. दोघांचा वेग जुळला की दात अलगद आत जातात.

तेल फार जाड असेल तर आट्यांना ते वेळेत बाजूला सारता येत नाही, आणि तेलात घसरण वाढवणारी द्रव्ये जास्त असतील तर थर कापला गेला तरी कडे शंकूवरून निसटत राहते. दोन्ही वेळा निकाल एकच लागतो. वेग जुळण्याआधी दात दातांना भिडतात आणि कर्र असा आवाज येतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५चा दुसरा गिअर थंडीत मुळातच थोडा हट्टी असतो. त्यात आधीच्या मालकाने ७५डब्ल्यू-१४० क्रमांकाचे, जीएल-५ वर्गाचे, वर लिमिटेड स्लिप प्रकारच्या डिफरन्शियलसाठीचे (त्याविषयी पुढे) द्रव्य मिसळलेले तेल भरले होते. डिफरन्शियलसाठी उत्तम असलेले प्रत्येक वैशिष्ट्य इथे नेमके उलटे काम करत होते.

जीएल-५मुळे पितळ खाल्ले जाते, हा इशारा गाडीप्रेमी मंडळींत सारखा ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण सांगितले जाते तेवढे नाही. गंधक तांब्याशी क्रिया करतो, आणि पितळ व कांसे यांत तांबेच मुख्य असते. म्हणूनच गिअर ऑइलच्या चाचण्यांत चकाकी दिलेली तांब्याची पट्टी १२१ अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात तीन तास बुडवून ती किती काळवंडते ते पाहतात. जुन्या काळच्या जीएल-५ तेलांत ही पट्टी चांगलीच काळी पडायची. आजच्या चांगल्या तेलांतले गंधक बरेच आवरलेले असते. शिवाय सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्ससारख्या गाडीत गिअरबॉक्स आणि पुढचे हायपॉइड डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात असतात, आणि कंपनी स्वतः तिथे ७५डब्ल्यू-९० जीएल-५ सांगते. पितळ लगेच विरघळत असते, तर या गाड्या काही महिन्यांतच बंद पडल्या असत्या. अशा जोड पेटीत हायपॉइड दातांची गरज आधी भागवावी लागते आणि सिंक्रोनायझरला जुळवून घ्यावे लागते, कारण कर्र आवाज सहन करता येतो, चिरलेला क्राउन सहन करता येत नाही. एमएक्स-५मध्ये मात्र दोन पेट्या वेगळ्या आहेत, त्यामुळे ही तडजोड करण्याचे काहीच कारण नाही.

आता नंबराविषयी. ‘७५डब्ल्यू-९०’ यातला पहिला आकडा थंडीतला आणि दुसरा तापलेल्या अवस्थेतला घट्टपणा सांगतो. एसएई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे ७५डब्ल्यू तेल उणे ४० अंशांपर्यंत ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये. तीच मर्यादा ८०डब्ल्यूसाठी उणे २६ अंशांवर आणि ८५डब्ल्यूसाठी उणे १२ अंशांवर लावलेली आहे. ब्रिटनमध्ये उणे ४० होत नाही हे खरे, पण जे तेल उणे ४०लाही वाहते ते शून्य अंशाला सहसा अधिक पातळ राहते, आणि दुसऱ्या गिअरची तक्रार शून्याच्या आसपासचीच असते. उलट मुंबई-पुण्यात थंडीचा आकडा जवळपास बिनमहत्त्वाचा ठरतो.

दुसरा आकडा १०० अंश तापमानाला मोजलेला असतो. ९० म्हणजे १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजण्याचे एकक), १४० म्हणजे २४ ते ३२.५. हा आकडा इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून पाहू नये, कारण दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. इंजिन ऑइलमधले ४० हे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, म्हणजे नव्वद नंबरचे गिअर ऑइल हे इंजिनच्या चाळीस किंवा पन्नास नंबरच्या तेलाएवढेच जाड असते. जुन्या होंडा गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये कंपनी १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल टाकायला सांगत असे, हे वाचून जे दचकतात त्यांनी एवढा हिशेब करून पाहावा.

जाड म्हणजे सुरक्षित, हा समज डिफरन्शियलच्या बाबतीत अर्धवट खरा आहे. ट्रॅकवर सलग फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या डिफरन्शियलमधले तेल रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते, तिथे ९० नंबरचे तेल फार पातळ होते आणि १४०चा उपयोग होतो. निसानने २००७ साली आणलेल्या जीटी-आरसाठी डिफरन्शियलचे खास ७५डब्ल्यू-१४० तेल नेमले, ते याच हिशेबाने. पण एमएक्स-५च्या इंजिनाची ताकद जीटी-आरच्या तुलनेत फारच थोडी आहे. रोज ऑफिसला आणि रविवारी डोंगररस्त्याला जाणाऱ्या त्या हलक्या गाडीत १४० भरले, तर क्राउन ते घट्ट तेल घुसळत बसतो, ताकद वाया जाते आणि त्या घुसळण्याने तेल स्वतःच तापते.

यापुढचा प्रश्न बहुतेक लोक विचारायचे विसरतात, तो म्हणजे डिफरन्शियल कोणत्या जातीचे आहे. साध्या, उघड्या डिफरन्शियलला कोणतेही योग्य जीएल-५ तेल चालते. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र बहुधा लिमिटेड स्लिप असते, म्हणजे वळणावर आतले चाक हलके होऊन फिरू लागले तरी सगळी ताकद त्यातच वाया जाऊ न देणारी रचना. प्लेटांच्या प्रकारात दोन्ही बाजूंना लहान क्लचप्लेटांची चळत असते आणि त्या गिअर ऑइलमध्येच बुडलेल्या असतात. साध्या तेलात या प्लेटा एकदा धरतात, एकदा सुटतात, आणि पार्किंगमध्ये हळू वळताना मागून थरथर आणि टकटक ऐकू येते. त्यासाठी तेलात घसरण गुळगुळीत करणारे द्रव्य लागते. ते तेलातच मिसळलेले असते किंवा छोट्या बाटलीतून वेगळे घालावे लागते. जास्त घातले तर प्लेटा धरेनाशा होतात आणि महागडे लिमिटेड स्लिप साध्या डिफरन्शियलसारखे वागू लागते. टॉर्सन या दुसऱ्या प्रकारात प्लेटांवर भिस्त नसून गिअरच्या आपसातल्या घर्षणावर काम चालते, त्यामुळे तिथे ते द्रव्य नुसते अनावश्यकच नाही, तर थोडे उलटे जाणारे आहे. तिसरा व्हिस्कस प्रकार पहिल्या १.६ लिटरच्या एमएक्स-५मध्ये मिळत असे. त्यात घट्ट सिलिकॉन द्रव स्वतंत्र बंद डबीत असतो आणि बाहेरच्या तेलाशी त्याचा संबंध येत नाही.

मित्राची गाडी १.८ लिटरची, टॉर्सन असलेली निघाली. मागची दोन्ही चाके उचलून एक चाक हाताने फिरवायचे आणि दुसरे कोणत्या दिशेला फिरते ते पाहायचे, ही चाचणी प्लेटांचा प्रकार ओळखायला ठीक आहे, पण टॉर्सनच्या बाबतीत ती फसवी ठरू शकते, म्हणून आम्ही गाडीच्या कागदांवरच विश्वास ठेवला. पुस्तिका जपानी भाषेत होती, पण तेलाच्या तक्त्यातली जीएलची अक्षरे आणि आकडे कोणालाही वाचता येतात. माझ्दा या गिअरबॉक्ससाठी ७५डब्ल्यू-९० सांगते आणि जीएल-४ किंवा जीएल-५ दोन्हींना परवानगी देते. डिफरन्शियलला मात्र फक्त जीएल-५. परवानगी दोन्हींना असली, तरी सिंक्रोनायझरचा विचार करून मी जीएल-४ सुचवले.

सिंथेटिक घ्यावे का, याचे उत्तर या गाडीपुरते होय असे आहे, कारण थंडीत ते कमी घट्ट होते आणि उष्णतेत जास्त टिकते. पण सिंथेटिक म्हणजे कुठेही सरसच, असे मानू नये. फोक्सवॅगनने नोव्हेंबर २०१३मध्ये सात गिअरच्या कोरड्या दुहेरी क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स असलेल्या जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधले सिंथेटिक तेल काढून साधे खनिज तेल भरण्याचे जाहीर केले. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत त्या सिंथेटिक तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. तेल गिअरसाठी चांगलेच होते, पण गिअरबॉक्समध्ये आता गिअरशिवाय इतरही बरेच काही असते. दुहेरी क्लच आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल म्हणूनच वेगळ्या वर्गातले असते. ते वंगण देते, दाब वाहून नेते, उष्णता काढून नेते, आणि ओला, म्हणजे तेलात बुडलेला, क्लच असेल तर त्याला नेमके हवे तेवढे घर्षणही देते. तिथे स्वतःचे डोके न चालवता कंपनीने सांगितलेला क्रमांक तंतोतंत घ्यावा. १९९०च्या दशकातल्या बीएमडब्ल्यूच्या पुष्कळ हाताने बदलण्याच्या गिअरबॉक्समध्येही ऑटोमॅटिकचे पातळ तेल असते, तसे लेबल पेटीवर चिकटवलेले असते, आणि तिथे सवयीने नव्वद नंबर भरणारा मेकॅनिक गाडीचे नुकसानच करतो.

तेल बदलताना एक नियम मोडू नये: आधी वरचा, भरण्याचा प्लग उघडून पाहायचा, मगच खालचा काढायचा. वरचा गंजून बसलेला असेल आणि आपण खालून तेल सोडून दिले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. पंधरा मिनिटे चालवून गरम केलेल्या गाडीखालून आम्ही तेल सोडले. गिअरबॉक्सचे तेल पिवळसर झाक असलेले होते, आणि बॅटरीच्या उजेडात त्यात सोनेरी चुरा झगमगताना दिसला. तो पितळी कड्यांचा होता. डिफरन्शियलच्या प्लगवरच्या चुंबकाला करड्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ लेप होता. बोटांत चोळल्यावर खरखर लागली नाही, म्हणजे ती नेहमीची झीज. लेपात टोकदार कपचा सापडला असता, तर तेलाची चर्चा थांबवून पेटी उघडावी लागली असती.

गिअरबॉक्समध्ये सुमारे दोन लिटर आणि डिफरन्शियलमध्ये सुमारे एक लिटर तेल गेले. गाडी चारही बाजूंनी सपाट उचलून, भोकाच्या खालच्या कडेवरून तेल ओघळू लागेपर्यंत भरायचे असते. फक्त मागची बाजू उचललेली असेल तर मोजमाप चुकते. गिअरच्या दांड्याच्या बुडाशी असलेल्या जागेत या गाडीत वेगळे थोडेसे तेल असते आणि त्यावरचे रबर फाटले की गिअर बदलताना हाताला खरखर जाणवते. मित्राच्या गाडीतले रबर फाटलेलेच होते, तेही बदलले. प्लेटांचे लिमिटेड स्लिप असते, तर शेवटी रिकाम्या मैदानात दोन्ही दिशांनी इंग्रजी आठ काढावे लागले असते, म्हणजे आरटीओच्या परीक्षेत दुचाकीवर काढतो तसेच, फक्त दहा-बारा वेळा, नवे तेल प्लेटांमध्ये भिनेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर एक अंश तापमान होते. पहिल्या दोन चौकांपर्यंत दुसरा गिअर टाकताना दांडा क्षणभर अडखळत होता, पण कर्र आवाज आला नाही. पाच किलोमीटर गेल्यावर ते अडखळणेही थांबले. कड्यांची झालेली झीज तेलाने भरून येणार नाही, त्यामुळे थंडीतले ते पहिले दोन चौक दांडा हलक्या हातानेच टाकावा, एवढे मी त्याला सांगून ठेवले आहे.